बागेतले बिनतारी केंद्र

आकाशवाणीवरचा कार्यक्रम आपण ऐकतो, तेव्हा बोलणारा एक आणि ऐकणारे लाखो, असा प्रकार असतो. घरच्या ओसरीवरून तुम्ही रेडिओला उलट काही विचारलेत, तर ते निवेदकाच्या कानी जात नाही. कार्यक्रम पाठवायला मोठा प्रक्षेपक लागतो, उंच मनोरा लागतो, इंजिनियर लागतात. ते काम सरकारचे किंवा एखाद्या संस्थेचे.

पण बिनतारी विद्येत आणखीही एक घराणे आहे. त्यात जो ऐकतो तोच बोलतो, जो बोलतो तोच यंत्र जोडतो, आणि एरियलची तार झाडावर चढवणाराही तोच. पगार नाही, जाहिरात नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. या लोकांना हौशी बिनतारीवाले म्हणतात. जगभर त्यांना ‘हॅम’ असे टोपणनाव पडले आहे. त्यांच्यातले काही जण आपले सारे केंद्र एका पिशवीत भरतात, सार्वजनिक बागेत जाऊन बाकावर मांडतात आणि तिथून हजारो किलोमीटरवरच्या माणसाशी बोलून घरी येतात. हे ते कसे करतात, कशासाठी करतात, आणि त्यातून आपल्या गावाने व शाळेने घेण्याजोगे काय आहे, याचा आज विचार करू.

आधी त्या पिशवीत काय असते ते पाहू. एक छोटे यंत्र, साधारण जेवणाच्या डब्याएवढे. बोलणे पाठवण्याचा आणि ऐकण्याचा, असे दोन्ही भाग त्या एकाच पेटीत असतात. बारा व्होल्टची एक बॅटरी. एक मायक्रोफोन किंवा मोर्सच्या खुणा वाजवायचा खटका. कानाला लावायचा श्रवणी. एरियलसाठी तांब्याची बारीक तार, ती टांगायला दोरी, आणि यंत्र व तार यांना जोडणारी गोल केबल, टीव्हीच्या छत्रीपासून घरात येते त्याच जातीची. शिवाय वही, पेन्सिल आणि घड्याळ. झाले केंद्र! वजन म्हणाल तर शाळेच्या दप्तराएवढे, कधी त्याहूनही कमी.

या खेळाला अलीकडे जे मोठे रूप आले, ते अमेरिकेत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांची देखभाल करणारे सरकारी खाते १९१६ साली स्थापन झाले. २०१६ साली त्याला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी बिनतारीवाल्यांच्या जुन्या संस्थेने एक वर्षाचा उपक्रम ठरवला. सभासदांनी राष्ट्रीय उद्यानांत, ऐतिहासिक स्थळी आणि स्मारकांच्या आवारात जावे, तिथे आपले केंद्र मांडावे आणि जास्तीत जास्त लोकांशी संपर्क साधावा. त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक संपर्क नोंदले गेले! वर्ष संपले, पण लोकांची हौस काही संपेना. मग काही जणांनी मिळून ‘पार्क्स ऑन द एअर’ नावाने तोच उपक्रम पुढे चालू केला. आज तो अनेक देशांत पसरला आहे.

त्याचे नियम अगदी सुटसुटीत आहेत. प्रत्येक उद्यानाला एक क्रमांक असतो. तिथे जाऊन केंद्र चालवणाऱ्याने एका दिवसात निदान दहा वेगवेगळे संपर्क केले, म्हणजे ते उद्यान त्याच्या खात्यात जमा झाले. जे घरी बसून अशा केंद्रांचा शोध घेतात त्यांना ‘शिकारी’ म्हणतात. एका उद्यानातल्या माणसाची दुसऱ्या उद्यानातल्या माणसाशी गाठ पडली, तर दोघांनाही विशेष आनंद.

इथे ‘दिवस’ म्हणजे कोणता दिवस, हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकांना आवडेल. हौशी मंडळी जगभर एकच घड्याळ मानतात, ते म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून त्यांचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो, तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या दिवसांत तो संध्याकाळी पाच वाजताच सुरू होतो. तिथे एखादा माणूस दुपारी चार वाजता बागेत बसला आणि पाचपर्यंत त्याचे सातच संपर्क झाले, तर ते सात त्या दिवसापुरतेच राहिले. पाचनंतर पुन्हा एकपासून मोजणी!

आता तुम्ही म्हणाल, घरी पंखा आहे, चहा आहे, खुर्ची आहे. मग उन्हातान्हात बागेत कशाला जायचे? त्याला कारण आहे. जत्रेत चार पावलांवरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, कारण आजूबाजूला गोंगाट असतो. बिनतारी यंत्रालाही असाच गोंगाट ऐकू येतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, मोटारी, सौर पाट्यांची नियंत्रक पेटी, या सर्वांमधून बारीक बारीक विद्युत्लहरी बाहेर पडतात. आपल्या कानाला त्या कळत नाहीत, पण रेडिओत त्यांची खरखर येते. त्या खरखरीत दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. शहरात तर हा त्रास फारच वाढला आहे. त्यात सदनिकेत राहणाऱ्याला गच्चीवर तार बांधायला शेजारी परवानगी देतीलच असे नाही. बागेत मोकळी जागा, उंच झाडे आणि शांतता, तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळतात. खेडेगावात राहणाऱ्यांना हे वाचून थोडे बरे वाटायला हरकत नाही. शहरातला हौशी माणूस ज्या शांततेसाठी बागेत जातो, ती तुमच्या शिवारात फुकट पडून आहे.

आता एरियलकडे वळू. यंत्र कितीही महागाचे असो, तार नीट नसेल तर ते मुके आणि बहिरे. तारेची लांबी मनाला येईल तशी ठेवून चालत नाही. ती लहरींच्या लांबीशी जुळावी लागते. शिक्षक मित्रांनो, याचे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे. बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. समजा, आपल्याला १४.२ मेगाहर्ट्झवर बोलायचे आहे. ३०० भागिले १४.२, उत्तर सुमारे २१ मीटर. सर्वांत साध्या एरियलची लांबी याच्या निम्मी असते, म्हणजे साडेदहा मीटर. प्रत्यक्षात तारेत ती शेकडा पाचने कमी धरावी लागते. राहिली १० मीटर. ही तार मधोमध कापायची, पाच-पाच मीटरचे दोन हात करायचे आणि मध्यावर केबल जोडायची. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हेच गणित केले तर एकूण तार २० मीटर येते.

शिंपी कापड बेतताना थोडी माया ठेवतो, तशी तारही आधी थोडी लांब कापायची. मग तारेकडून किती शक्ती यंत्राकडे परत येते, ते एका छोट्या मापयंत्रावर पाहत पाहत टोके थोडी थोडी कमी करायची. परत येणारी शक्ती कमीत कमी झाली की तार जुळली. सतार लावताना खुंटी पिळतात ना, त्यातलाच हा प्रकार.

तार झाडावर चढवायची कशी? दोरीच्या टोकाला छोटे वजन बांधून ते फांदीवरून पलीकडे फेकायचे आणि दोरीच्या आधाराने तार वर ओढायची. ज्यांनी लहानपणी कैऱ्या पाडल्या आहेत, त्यांना हे कोणी शिकवायला नको. मात्र इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. जवळपास विजेच्या तारा असतील तर तिथे दोरी फेकायची नाही, तार ओढायची नाही, काठी उभी करायची नाही. एरियल विजेच्या तारेवर पडले तर माणूस जागच्या जागी मरतो. असे अपघात झालेले आहेत. तसेच आभाळ गडगडू लागले की बोलणे थांबवून तार खाली घ्यायची. शिवाय बोलणे चालू असताना तारेच्या टोकांशी विजेचा दाब बराच असतो, हात लागला तर चटका बसतो. तेव्हा टोके मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच हवीत.

सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. बागेतली पुष्कळ मंडळी पाच वॅट शक्तीवर बोलतात. पाच वॅट म्हणजे किती? घरातल्या एका लहानशा एलईडी दिव्याएवढी. तेवढ्या शक्तीने अमेरिकेतून युरोप गाठणारे लोक आहेत. हे जमते कसे?

पृथ्वी गोल आहे आणि लहरी सरळ रेषेत जातात. तेव्हा क्षितिजापलीकडे त्या पोचायला नकोत. पण १९०१ साली मार्कोनीने इंग्लंडमधून पाठवलेली खूण अटलांटिक महासागरापलीकडे ऐकली, तेव्हा शास्त्रज्ञ विचारात पडले. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, इंग्लंडमधील हेविसाइड आणि अमेरिकेतील केनेली या दोघांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की, आकाशात खूप उंचावर लहरी परतवणारा एखादा थर असला पाहिजे. १९२४ साली अ‍ॅपल्टन याने प्रयोगाने तो थर असल्याचे दाखवून दिले, आणि त्या कामासाठी १९४७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयावर मोठे संशोधन केले.

सूर्याच्या किरणांमुळे वरच्या विरळ हवेतले कण विद्युत्भारित होतात आणि असे थर तयार होतात. त्यांतला २०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा थर लघुलहरींना वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडतो. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड फेकून मुले भाकऱ्या काढतात, तशी ही लहर आकाशातून जमिनीवर आणि जमिनीवरून पुन्हा आकाशाकडे उड्या घेत जाते. एका उडीत ती तीन-चार हजार किलोमीटर ओलांडू शकते. म्हणूनच कधी कधी गंमत होते. बागेतल्या माणसाचे बोलणे दोन हजार किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येते, आणि दोनशे किलोमीटरवरच्या गावाला त्याचा पत्ताही नसतो. लहर त्या गावाच्या डोक्यावरून उडी मारून गेलेली असते!

आणि जवळच बोलायचे असेल तर? तर ७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर घ्यायची आणि तार मुद्दाम बेताच्या उंचीवर बांधायची. मग बरीचशी शक्ती जवळजवळ सरळ वर जाते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी भोवतालच्या तीनचारशे किलोमीटरांत खाली पडते. डोंगराळ मुलुखात याचा फार उपयोग. दरीतल्या गावातून सरळ निघालेली लहर समोरच्या कड्यावर आपटते, पण वरून येणारीला कडा आडवा येत नाही. कोकणातल्या आणि मावळातल्या वाचकांना याचे मोल निराळे सांगायला नको.

हे सारे ज्ञान नुसते मोठ्या प्रयोगशाळांतून आलेले नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. १९१२ साली अमेरिकेत बिनतारीचा कायदा झाला. त्यात हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरी तेवढ्या दिल्या. त्या काळी आखूड लहरी दूर जात नाहीत असा समज होता. म्हणजे वाटणीत पडीक जमीन देण्यासारखाच हा प्रकार झाला. पण मेहनती माणसाच्या हाती पडीक जमीनही पिकते. १९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन गावी गेला. थंडीवाऱ्यात उघड्या शेतात त्याने तंबू ठोकला, लांबच लांब तार ओढली आणि रात्री जागून कान लावला. महासागरापलीकडच्या, अमेरिकेतल्या अनेक हौशी केंद्रांच्या खुणा त्याला तिथे ऐकू आल्या. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस आणि अमेरिकेतील कनेक्टिकट यांच्यामध्ये सुमारे शंभर मीटरच्या लहरींवर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. पाहता पाहता त्या ‘पडीक’ लहरींना सोन्याचा भाव आला. आज बागेत तार बांधून बसणारा माणूस त्या शेतातल्या तंबूचाच वारस आहे.

आता प्रत्यक्ष संपर्क कसा होतो ते पाहा. केंद्र चालवणारा आधी थोडा वेळ नुसता ऐकतो. ती जागा कोणी वापरत नाही ना, हे विचारून घेतो. मग हाक देतो, ‘सी क्यू, सी क्यू, सी क्यू’. याचा अर्थ, ‘ऐकणाऱ्या कोणत्याही केंद्राने उत्तर द्यावे’. त्यापुढे तो आपली खूण सांगतो. प्रत्येक परवानाधारकाला सरकारने एक अक्षर-अंकांची खूण दिलेली असते आणि ती जगात दुसऱ्या कोणाची नसते. भारतातल्या बहुतेक हौशी केंद्रांच्या खुणा ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होतात, म्हणजे ऐकणाऱ्याला देश लगेच कळतो.

आवाज क्षीण असला की बी, डी, पी, टी ही अक्षरे एकसारखीच ऐकू येतात. म्हणून अक्षराऐवजी ठरावीक शब्द बोलतात, ए साठी अल्फा, बी साठी ब्राव्हो, सी साठी चार्ली. फोनवर नाव सांगताना आपणही ‘भ, भटजीचा भ’ असे म्हणतोच की! उत्तर आले की दोघे एकमेकांना आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगतात. पहिला आकडा स्पष्टपणाचा, १ ते ५. दुसरा जोराचा, १ ते ९. ‘पाच-नऊ’ म्हणजे उत्तम. मग उद्यानाचा क्रमांक सांगायचा, ‘त्र्याहत्तर’ म्हणून निरोप घ्यायचा (या मंडळींत त्र्याहत्तर म्हणजे शुभेच्छा), आणि वहीत वेळ, खूण व लहर नोंदवायची. सारा कारभार अर्ध्या मिनिटाचा. पण ते अर्धे मिनिट साधायला नीट ऐकण्याची, थोडक्यात बोलण्याची आणि बिनचूक लिहिण्याची सवय लागते. या तिन्ही सवयी शाळेतही शिकवाव्या अशाच नव्हेत काय?

कित्येक जण अजूनही मोर्सच्या लांब-आखूड खुणांनी बोलतात. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आणि तार-ऑफिसातला तो ‘कडकट्ट’ तर त्याच्या आधीच थांबला होता. पण हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमाने नव्हे. खरखरीत माणसाचा आवाज बुडाला तरी एका सुरातली खूण कानाला ओळखू येते. थोड्या शक्तीत लांब जायचे तर मोर्ससारखा सोबती नाही.

सार्वजनिक बाग ही सर्वांची असते, तेव्हा तिथे वागण्याचीही रीत आहे. ज्यांच्या ताब्यात बाग आहे, त्यांचा नियम आधी विचारावा. काही उद्यानांत झाडाला काहीही बांधायला मनाई असते. ऐतिहासिक जागी जमिनीत खुंटी ठोकू देत नाहीत. अशा वेळी बाकाला टेकवून उभी केलेली काठी उपयोगी पडते. तार लोकांच्या वाटेवर आडवी येऊ नये. तिला रंगीत चिंधी बांधावी म्हणजे धावणाऱ्या मुलांना दिसते. निघताना आपण बसलो होतो याची खूणही मागे राहू नये. आणि कोणी कुतूहलाने विचारले, ‘हे काय चालले आहे?’ तर वैतागू नये. श्रवणी त्याच्या कानाला लावून दाखवावा. अमेरिकेत परवानाधारक शेजारी बसून लक्ष ठेवत असेल, तर बागेतल्या एखाद्या मुलालाही मायक्रोफोनवर दोन शब्द बोलू देता येते. कितीतरी मुलांच्या आयुष्यातला विज्ञानाचा पहिला धडा असा बाकावर होतो.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. परवान्याशिवाय बोलायचे नाही. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा असते. विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांचा तिच्यासाठी अभ्यास करावा लागतो. शाळा-कॉलेजातली मुलेही ती देतात. परवाना हाती आल्यावरही घराबाहेर, बागेत किंवा डोंगरावर केंद्र चालवण्याआधी परवान्यात जागेविषयी काय लिहिले आहे ते वाचावे आणि लागेल ती परवानगी घ्यावी. या लहरींवर धंद्याचे बोलणे चालत नाही, पैसे घेऊन निरोप पाठवता येत नाही आणि गुप्त भाषाही वापरता येत नाही. सगळे उघड, सर्वांना ऐकू येईल असे.

‘हे सारे ठीक, पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग हा खटाटोप कशाला?’ असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मोबाइल चालतो तो मनोऱ्याच्या जिवावर, मनोरा चालतो विजेच्या जिवावर, आणि मनोऱ्याखालची बॅटरी काही तासांची सोबती. महापूर आला, वादळ झाले, भूकंप झाला, म्हणजे तिन्ही एकदम जातात. आणि जे मनोरे उभे राहतात त्यांच्यावर सगळ्यांची एकदम झुंबड उडते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांना गावाचा जगाशी संबंध तुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगायची गरज नाही. हौशी केंद्राला मनोरा लागत नाही. दोन झाडे, एक तार आणि एक बॅटरी असली की ते उभे राहते. पण ते उभे करणारे हात सरावलेले हवेत, आणि तो सराव संकटाच्या दिवशी करता येत नाही. बागेतला खेळ हा तो सराव आहे. अमेरिकेत १९३३ साली पडलेल्या प्रथेनुसार जूनमध्ये हौशी मंडळी घराबाहेर, मैदानात केंद्रे मांडून चोवीस तास चालवतात, ती याच हेतूने.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा ठिकठिकाणचे हौशी बिनतारीवाले यंत्रे घेऊन भुजकडे धावले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. त्या बेटांवरून हौशी केंद्र चालवायला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती, आणि जगभरचे लोक त्यांच्याशी संपर्क साधायला धडपडत होते. म्हणजे निव्वळ हौसेचा कार्यक्रम. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, मागोमाग त्सुनामी आली, बेटांचे दूरध्वनी बंद पडले. ज्या यंत्रावर आदल्या दिवशी शुभेच्छा चालल्या होत्या, त्याच यंत्रावरून मग मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना ‘तुमचा माणूस सुखरूप आहे’ असे निरोप जाऊ लागले. पुढे कार निकोबारलाही केंद्र उभे राहिले. ती मंडळी तिथे होती योगायोगाने. पण त्यांना काम येत होते, ते योगायोगाने नव्हे.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, परवान्याची वाट न पाहता आजपासून करता येतील अशा दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली ऐकण्याची. घरात किंवा शाळेत मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर मुलांकडून पंधरा दिवस एक नोंदवही ठेवून घ्या. दुपारी बारा वाजता कोणकोणती केंद्रे लागतात, सूर्य मावळताना कोणती, आणि रात्री नऊला कोणती. दुपारी जवळचीच केंद्रे लागतील. अंधार पडला की दूरदूरची, परक्या भाषांतली केंद्रेही हजर होतील. कारण असे की, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर दिवसा या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरापर्यंत पोचून परत येतात. पुस्तकातला आयनांबर मुलांनी स्वतःच्या कानांनी ‘पाहिला’ म्हणजे तो ते विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट गोंगाट शोधण्याची. तोच रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावा आणि एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर यांच्याजवळ आळीपाळीने न्या. कोण किती खरखर करतो त्याची यादी करा, मग रेडिओ घेऊन शेतात जा आणि फरक ऐका. तिसरी गोष्ट मोर्सची. एक मुलगा व्हरांड्याच्या या टोकाला टॉर्च घेऊन, दुसरा त्या टोकाला वही घेऊन. रोज दोन अक्षरे शिकली तर इंग्रजी वर्णमाला तेरा दिवसांत होते. मग एखादा लहानसा निरोप पाठवा, ‘पाणी हवे’ किंवा ‘पूल तुटला’ असा, आणि तो पलीकडे बिनचूक उतरला का ते ताडून पाहा. एक शब्द चुकला तर काय अनर्थ होईल, याचा विचार मुलांनाच करू द्या.

दरवर्षी १८ एप्रिल हा दिवस जगभर हौशी रेडिओचा दिवस म्हणून पाळतात, कारण १९२५ साली याच दिवशी पॅरिसमध्ये या मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्या सुमारास आपल्याकडे परीक्षा संपत आलेल्या असतात आणि शाळेच्या आवारातल्या झाडांची सावलीही गडद असते. जिल्ह्याच्या गावी किंवा जवळच्या शहरात एखादा परवानाधारक हौशी बिनतारीवाला असेल, तर त्याला त्या दिवशी बोलावून पाहा. परवानगी वगैरे तो पाहील. तुम्ही झाड, बाक आणि वर्गातली मुले एवढी तयारी ठेवा. दोरी फांदीवरून पलीकडे टाकायला स्वयंसेवक किती पुढे येतात, ते तर तुम्हाला सांगायलाच नको!